संगणकीय रुग्णनोंदींना उशीर का झाला: लिहितो कोण आणि वाचतो कोण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बँकांची खाती 1960-70 च्या दशकांतच संगणकावर गेली, मग रुग्णांच्या नोंदी 2010 च्या आसपासपर्यंत बहुतेक ठिकाणी कागदावरच का राहिल्या? डॉक्टरांनी विरोध केला म्हणून का? आणि एका लहान रुग्णालयासाठी नोंदप्रणाली बांधायचं काम तुमच्याकडे आलं आहे, तर या इतिहासातून नेमकं काय घ्यावं?

मी डॉक्टर आहे, पण गेली बरीच वर्षं माझं मुख्य काम रुग्णालयांत अशा प्रणाली बसवणं आणि बसवल्यावर त्या का चालत नाहीत ते शोधणं, हेच आहे. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी एक गृहीतक बाजूला ठेवू या. संगणक वैद्यकात उशिरा आला, हे खरं नाही. आज ज्याला आपण आधुनिक म्हणतो त्यातलं बरंचसं 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धातच कुठे ना कुठे चालू होतं: पडद्याला बोट लावून नोंद करणं, औषधाची ऑर्डर थेट संगणकात देणं, तपासणीचा निकाल काळजीचा असेल तर यंत्राने डॉक्टरला सावध करणं. उशीर झाला तो पसरायला. माझ्या मते त्याचं कारण एका प्रश्नात सापडतं: नोंद लिहिण्याचे कष्ट कोण घेतो आणि तिचा उपयोग कुणाला होतो? जिथे ही दोन्ही माणसं एकच होती, तिथे संगणक लवकर रुजला. जिथे कष्ट एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा, तिथे तो रुजलाच नाही, किंवा पैसे ओतून रुजवावा लागला.

बँकेशी तुलना करताना हेही लक्षात घ्या की रुग्णालयातला जो भाग बँकेसारखा होता तो बँकांच्याच काळात संगणकावर गेला. अमेरिकेत 1965 मध्ये मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना आली, सरकारकडे हिशेब पाठवणं भाग पडलं आणि मोठ्या रुग्णालयांनी बिलांसाठी संगणक घेतले. मागे राहिली ती वैद्यकीय नोंद. कारण बँकेत जमा म्हणजे जमा आणि नावे म्हणजे नावे. लिहिणाऱ्याला जे म्हणायचं असतं तेच वाचणाऱ्याला कळतं. रुग्णाच्या नोंदीचं तसं नाही.

‘ॲलर्जी’ हा एकच रकाना घ्या. तो रिकामा आहे. याचा अर्थ काय? रुग्णाला कसलीच ॲलर्जी नाही, की कुणी विचारलंच नाही? की विचारलं तेव्हा रुग्ण शुद्धीवर नव्हता? कागदावर डॉक्टर ‘माहीत नाही, नातेवाइकांना विचारणे’ असं समासात लिहून मोकळा होतो. संगणकाला मात्र या तिन्ही अवस्था वेगळ्या सांगाव्या लागतात. समजा रकान्यात ‘पेनिसिलिन’ लिहिलंय. काय झालं होतं? अंगावर पित्त उठलं, श्वास कोंडला, की नुसते जुलाब झाले? पहिली दोन खरी ॲलर्जी असू शकतात, तिसरा बहुधा दुष्परिणाम आहे. सगळं एकाच शब्दात कोंबलं तर पुढची वीस वर्षं त्या माणसाला चांगलं औषध नाकारलं जातं, किंवा इशारे इतके वाजतात की डॉक्टर ते न वाचता बंद करायला लागतात. मी ज्या ज्या रुग्णालयात काम केलं तिथे पहिल्या आठवड्यात हा रकाना उघडून बघते. बाकीची प्रणाली कशी असेल याचा अंदाज तिथेच येतो.

आता इतिहास. सुरुवात कागदापासून करायला हवी, कारण सगळ्यात मोठी उडी कागदावरच मारली गेली. एकोणिसाव्या शतकात रुग्णालयांच्या नोंदी जाड वह्यांत असत, डॉक्टरप्रमाणे किंवा वॉर्डप्रमाणे, तारखेच्या क्रमाने. एकच रुग्ण तीनदा आला तर त्याची हकीकत तीन वह्यांत विखुरलेली. तुलना करण्याजोग्या नोंदी कुठे मिळतच नाहीत, अशी तक्रार फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1863 मध्ये केली होती. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर या डॉक्टरने 1907 मध्ये हे बदललं. प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाच्या एकाच पाकिटात त्याचे सगळे कागद, मग तपासणारा डॉक्टर कोणीही असो. यंत्र काहीच नव्हतं, पण नोंद डॉक्टरची होती ती रुग्णाची झाली. आजचं प्रत्येक सॉफ्टवेअर त्या क्रमांकावर उभं आहे. आणि आजही सगळ्यात घातक चुका तिथेच होतात: एकाच माणसाचे दोन क्रमांक तयार होणं, किंवा त्याहून वाईट, सारख्या नावाच्या दोन माणसांच्या नोंदी एकत्र होणं. दुहेरी क्रमांक नंतर जोडता येतात. मिसळलेल्या नोंदी वेगळ्या करणं फार कठीण, कारण मधल्या काळात त्या चुकीच्या माहितीवर निर्णय झालेले असतात.

1960 च्या दशकात विद्यापीठांच्या रुग्णालयांत चार-पाच ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी काम सुरू झालं. विस्कॉन्सिनमध्ये वॉर्नर स्लॅक यांनी रुग्णालाच संगणकासमोर बसवलं, यंत्र प्रश्न विचारी आणि रुग्ण उत्तर टंकित करी. हे काम 1966 मध्ये प्रसिद्ध झालं. सॉल्ट लेक सिटीतल्या एलडीएस रुग्णालयात होमर वॉर्नर या हृदयरोगतज्ज्ञाने 1967 च्या सुमारास ‘हेल्प’ प्रणाली उभी केली. तिच्यात नोंद साठवण्याबरोबरच त्या नोंदीवर नियम चालवण्याची सोय होती, म्हणजे नोंदीत काही काळजीचं दिसलं तर यंत्र स्वतःहून सावध करी.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत 1966-67 मध्ये ‘मम्प्स’ ही प्रोग्रामिंगची भाषा जन्मली. तुम्ही सॉफ्टवेअरवाले आहात म्हणून इथे जरा थांबते. वैद्यकात शक्य तपासण्या हजारो, पण एका रुग्णाच्या त्यातल्या दहा-वीसच झालेल्या असतात. ओळी-रकान्यांचं कोष्टक केलं तर बहुतेक घरं रिकामी, आणि त्या काळी साठवणीची जागा सोन्याच्या मोलाची. मम्प्सने माहिती झाडासारखी ठेवली: रुग्ण, त्याखाली भेट, त्याखाली तपासणी, त्याखाली वेळ आणि निकाल. जी फांदी नाही ती जागाच घेत नाही. शिवाय भाषा आणि साठवण एकच असल्यामुळे छोट्या यंत्रावर अनेक जण एकाच वेळी काम करू शकत. ही रचना वैद्यकाला इतकी चपखल बसली की आज मोठमोठ्या रुग्णालयांत चालणाऱ्या एपिक या नोंदप्रणालीच्या मुळाशी त्याच घराण्याचं तंत्रज्ञान आहे. नव्या पिढीच्या प्रोग्रामरांना मम्प्सचा कोड बघून धक्का बसतो, पण त्यामागचा विचार समजून घेतला तर तुमची स्वतःची रचना सुधारेल.

त्याच काळातला सगळ्यात मोठा विचारवंत म्हणजे लॉरेन्स वीड. 1968 मध्ये त्यांनी मांडलं की वैद्यकीय नोंद ही कुठून आली यावर लावलेली असते: डॉक्टरांचे कागद इथे, नर्सचे तिथे, लॅबचे तिसरीकडे. तिची मांडणी रुग्णाच्या समस्यांभोवती हवी. प्रत्येक समस्येला क्रमांक, आणि त्याखाली रुग्ण काय सांगतो, तपासात काय दिसतं, तुमचं अनुमान काय, पुढे काय करणार. आज जगभर विद्यार्थी याच चार भागांत नोंद लिहायला शिकतात. वीड यांचा हेतू मात्र फक्त टापटिपीचा नव्हता. डॉक्टरचा विचार कागदावर असा उघडा पडावा की दुसऱ्याला तो तपासता यावा, हे त्यांना हवं होतं. मग त्यांनी व्हरमाँट विद्यापीठात ‘प्रोमिस’ ही संगणकप्रणाली बांधली. स्पर्शाने चालणारे पडदे, झटपट प्रतिसाद, आणि प्रत्येक समस्येसाठी यंत्रात आधीच भरलेलं वैद्यकीय ज्ञान. 1970 च्या दशकात ती प्रत्यक्ष वॉर्डात चालली. तरी ती पसरली नाही. तिच्या वाटेनेच चालावं लागे, डॉक्टरांना ती जाचक वाटली. शिस्तीचा फायदा रुग्णाला आणि पुढे येणाऱ्या डॉक्टरला, जाच मात्र आत्ता लिहिणाऱ्याला. पुढे सरकारी निधीही आटला. वीड यांची चार भागांची नोंद कागदावर टिकली आणि यंत्र गेलं, याचं मला अजूनही वाईट वाटतं, कारण त्यांनी विचारलेला प्रश्न आजच्या बहुतेक प्रणाली विचारतही नाहीत.

इंडियानापोलिसमधलं काम याच्या उलट, छोटं आणि टोकदार. रीगनस्ट्रीफ संस्थेत क्लेम मॅकडॉनल्ड यांनी 1976 मध्ये दाखवलं की बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरला रुग्ण येण्याआधी संगणकाने छापलेली आठवण दिली (या औषधावर आहे, अमुक तपासणी करायची राहिलीय) तर डॉक्टर 51 टक्के वेळा त्यावर कृती करतात. आठवण नसेल तर 22 टक्के वेळा. डॉक्टरांना नियम ठाऊक होते. अडचण अज्ञानाची नव्हती, गर्दीत लक्ष राहण्याची होती, आणि ती माणूस शिकून संपत नाही. इथे डॉक्टरला काहीही टंकित करावं लागत नव्हतं. मिळणारा कागद आयता होता. म्हणून तो स्वीकारला गेला.

मग ‘पसरल्या का नाहीत’ याचं अर्धं उत्तर साधं आहे: यंत्रं महाग होती आणि सगळ्या वॉर्डांत पडदे ठेवणं कुणाला परवडत नव्हतं. पण 1985 नंतर यंत्रं स्वस्त झाली, तरीही पुढची वीस वर्षं अमेरिकेतली बहुतेक रुग्णालयं कागदावर होती. उरलेलं अर्धं उत्तर समजायला अपवाद बघावे लागतात.

पहिला अपवाद ब्रिटनमधले जनरल प्रॅक्टिशनर, म्हणजे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरांसारखे. तिथले मोठाले रुग्णालयी प्रकल्प अडखळत असताना हे छोटे दवाखाने मात्र 1980-90 च्या दशकांत भराभर संगणकावर आले. 1987 मध्ये दोन कंपन्यांनी त्यांना फुकट संगणक देऊ केले, बदल्यात नावं काढून टाकलेली औषधांची माहिती मागितली. पण फुकट यंत्र धूळ खात पडू शकलं असतं. ते वापरलं गेलं, कारण त्याने नेहमीच्या औषधांच्या चिठ्ठ्या छापून दिल्या. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडच्या रुग्णांना तीच औषधं परत परत हाताने लिहून देणं हे रोजचं कंटाळवाणं काम होतं. एकदा यंत्रात भरलं की पुढच्या वेळी एका कळीवर चिठ्ठी. लिहिणारा डॉक्टर, आणि पुढच्याच महिन्यात फायदाही त्यालाच. याच काळात जेम्स रीड या जनरल प्रॅक्टिशनरने निदानांसाठी संकेतांक तयार केले, तेही दवाखान्यात बसून वापरता येतील इतके आटोपशीर. उलट 2002 मध्ये ब्रिटन सरकारने वरून लादलेला राष्ट्रीय कार्यक्रम अब्जावधी पौंड खर्चून 2011 मध्ये गुंडाळावा लागला. देश तोच, डॉक्टर तेच.

दुसरा अपवाद अमेरिकेतली माजी सैनिकांची रुग्णालयं, म्हणजे व्हीए. तिथे 1970 च्या दशकाच्या अखेरीस वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी आणि प्रोग्रामरांनी मुख्यालयाच्या मर्जीविरुद्ध, मम्प्समध्ये, छोटे छोटे कार्यक्रम लिहून एकमेकांना दिले. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या जुन्या गुप्त जाळ्याच्या नावावरून स्वतःला ते ‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हणवत. 1982 मध्ये त्यांच्या कामाला अधिकृत मान्यता मिळाली आणि त्यातूनच पुढे ‘व्हिस्टा’ प्रणाली झाली. नर्सने औषध देण्याआधी रुग्णाच्या मनगटपट्टीवरचा आणि औषधावरचा बारकोड ताडून बघायचा, ही आज सर्रास दिसणारी पद्धत कॅन्ससमधल्या टोपेकाच्या व्हीए रुग्णालयात 1990 च्या दशकात सुरू झाली, आणि कल्पना स्यू किनिक या नर्सची होती. भाड्याची गाडी परत करताना तिथला माणूस हातातल्या यंत्राने गाडीचा बारकोड वाचतो हे तिने पाहिलं होतं. 2005 मध्ये कॅटरिना चक्रीवादळात न्यू ऑर्लिन्समधल्या असंख्य कागदी नोंदी पाण्यात गेल्या. व्हीएच्या रुग्णांच्या नोंदी मात्र दुसऱ्या गावांतून उघडता आल्या. व्हीएला हे का जमलं? कारण पैसे देणारी आणि उपचार करणारी संस्था एकच, आणि रुग्ण आयुष्यभर त्यांचाच. एक तपासणी वाचली तर वाचलेला पैसा त्यांच्याच खिशात राहतो. इतर ठिकाणी तपासणी परत केली तर रुग्णालयाला उलट जास्त पैसे मिळत. मग एकमेकांच्या नोंदी वाचता याव्यात म्हणून खर्च कोण करणार?

ही कोंडी फोडायला अमेरिकेने अखेर पैसा ओतला. 2009 च्या हायटेक कायद्याने ठरवलं की प्रणाली घेऊन ती ठरावीक प्रकारे वापरून दाखवणाऱ्या डॉक्टरला आणि रुग्णालयाला सरकार पैसे देईल, मेडिकेअरमधून एका डॉक्टरला 44,000 डॉलरपर्यंत. एकूण तीस अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गेली. 2008 मध्ये किमान स्वरूपाची संगणकीय नोंद असलेली सर्वसाधारण रुग्णालयं 9.4 टक्के होती, ती 2015 मध्ये 83.8 टक्के झाली. एवढ्या वेगाने एवढा बदल वैद्यकात क्वचितच होतो, आणि त्याचं श्रेय मी त्या कायद्याला देते.

पण किंमतही मोजावी लागली. ज्याने पैसे दिले तोच नोंदीचा पहिला वाचक झाला. आधीपासूनच, 1995 आणि 1997 च्या नियमांनुसार, डॉक्टरने किती अवयवसंस्था तपासल्या आणि किती प्रश्न विचारले हे मोजून फी ठरत होती. संगणक आल्यावर ते सगळं एका कळीने भरता येऊ लागलं, कालची नोंद आज चिकटवता येऊ लागली. नोंदी फुगल्या. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेली एक तुलना मला फार बोलकी वाटते: तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या इतर देशांपेक्षा अमेरिकेतल्या नोंदी सरासरी जवळजवळ चौपट लांब होत्या. म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, नोंद कुणासाठी लिहिली जातेय याचा होता. 2016 च्या एका अभ्यासात दिसलं की रुग्णासमोरच्या एका तासामागे डॉक्टरचे जवळजवळ दोन तास संगणक आणि कागदपत्रांत जातात. 2021 पासून बाह्यरुग्ण भेटींसाठी ते मोजदादीचे नियम सैल झाले, पण सवयी इतक्या लवकर जात नाहीत.

आता डॉक्टरांच्या विरोधाबद्दल. विरोध होता, आणि त्यातला काही नुसता आळस किंवा अहंकार होता. पण सगळा नाही. पिट्सबर्गच्या लहान मुलांच्या रुग्णालयात औषधांच्या ऑर्डर संगणकावर आणल्यानंतरच्या पाच महिन्यांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. इतर रुग्णालयांतून तातडीने हलवून आणलेल्या मुलांतला मृत्युदर 2.80 टक्क्यांवरून 6.57 टक्क्यांवर गेला होता. काय घडलं ते नीट वाचण्यासारखं आहे. आधी मूल रुग्णवाहिकेत असतानाच डॉक्टर कागदावर औषधं लिहून ठेवत, मूल पोचेपर्यंत औषध तयार असे. नव्या प्रणालीत मूल दारात येऊन नाव नोंदवल्याशिवाय ऑर्डर देताच येत नव्हती. वॉर्डातली औषधं मध्यवर्ती औषधालयात हलवली होती. आणि एक ऑर्डर द्यायला पूर्वी काही सेकंद लागत, तिथे आता एक माणूस मिनिट-दोन मिनिटं पडद्यासमोर, म्हणजे खाटेपासून दूर. अभ्यास आधी-आणि-नंतरचा होता, काळही थोडा, त्यामुळे सगळं खापर प्रणालीवर फोडता येणार नाही. पण सिएटलमधल्या मुलांच्या रुग्णालयाने तेच सॉफ्टवेअर बसवलं आणि तिथे मृत्युदर वाढला नाही. तिथे अतिदक्षता विभागासाठी ऑर्डरचे तयार संच आधीच करून ठेवले होते आणि कामाचा ओघ बघून प्रणाली बसवली होती.

त्यामुळे ‘संगणकीय ऑर्डर सुरक्षित का?’ याला मी कधीच एका शब्दात उत्तर देत नाही. 1998 मध्ये बॉस्टनमध्ये त्यामुळे औषधांच्या गंभीर चुका 55 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. 2005 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने अशाच प्रणालीमुळे चुकांच्या 22 नव्या वाटा उघडल्याचं दाखवलं. दोन्ही खरे आहेत. कुठे, कुणी, कशी बसवली यावर अवलंबून आहे.

प्रणाली एकमेकींशी बोलत का नाहीत हा तुम्ही ओझरता विचारलेला भाग मी थोडक्यात उरकते, कारण त्याच्यावर स्वतंत्र लिहायला हवं. प्रणालींनी एकमेकींना पाठवायच्या निरोपाची रचना ठरवणारं एचएल7 हे मानक 1987 पासून आहे, तपासण्यांच्या संकेतांकांसाठी लॉइंक 1994 पासून, वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड सीटी 2002 पासून, आणि वेबच्या पद्धतीने चालणारं फायर 2011 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम ग्रीव्ह यांनी मांडलं. एक उदाहरण पुरे. उपाशीपोटीची साखर एका लॅबमध्ये 126 येते, दुसरीत 7.0. दोन्ही एकच, पहिली मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आणि दुसरी मिलिमोल प्रति लिटरमध्ये. एकक वेगळ्या रकान्यात नसेल तर आलेख काढणाऱ्या प्रोग्रामला वाटणार की रुग्णाची साखर एका रात्रीत कोसळली. मानकं होती, अडत होतं ते त्यांचा वापर करण्यात कुणाचा लाभ नव्हता इथे. 2016 च्या अमेरिकी कायद्याने माहिती अडवून ठेवणं बेकायदा ठरवलं, त्यामागे हाच अनुभव होता.

आणि सगळ्यात शेवटी आलेला वाचक म्हणजे रुग्ण. त्याला त्याची नोंद द्यावी असं 1973 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात सुचवलं गेलं होतं. 2010 मध्ये अमेरिकेत तीन ठिकाणी 105 डॉक्टरांनी ‘ओपननोट्स’ प्रयोगात आपल्या नोंदी रुग्णांना खुल्या केल्या. डॉक्टरांना भीती वाटत होती तसा कामाचा डोंगर वाढला नाही. एप्रिल 2021 पासून तिथे तो नियमच झाला. एस्टोनियात 2008 पासून देशभराची नोंदप्रणाली आहे आणि आपली नोंद कुणी उघडून पाहिली हे नागरिकाला दिसतं. मला स्वतःला हा बदल सगळ्यात मोलाचा वाटतो. रुग्ण वाचू लागला की चुका सापडतात: चुकीची बाजू, बंद झालेलं औषध, दुसऱ्याच कुणाचं निदान. तपासनीस म्हणून त्याच्याइतका हितसंबंध असलेला माणूस दुसरा नाही.

तर तुमच्या प्रणालीबद्दल. तुमच्याकडे किती खाटा, नोंद कोण टंकित करणार, लॅबची यंत्रं जोडायची आहेत का, तुमच्या कायद्यात नोंद किती वर्षं ठेवायची, यावर पुष्कळ अवलंबून आहे. तरी काही गोष्टी मी कुठेही सोडणार नाही. प्रत्येक नोंदीला दोन वेळा हव्यात, घटना केव्हा घडली आणि ती यंत्रात केव्हा भरली. नर्स पहाटे तीनला इंजेक्शन देते आणि चारला नोंदवते; एकच वेळ ठेवलीत तर पुढचा डोस चुकेल. दुरुस्ती म्हणजे जुनं पुसणं नव्हे, जुनं राहू द्या आणि वर नवं चढवा, कुणी आणि का केलं यासह. ‘नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘विचारलं नाही’ यांना वेगळी घरं द्या. रुग्ण दारात येण्याआधी त्याच्या नावाने ऑर्डर देता आली पाहिजे. वीज किंवा नेटवर्क गेलं तर वॉर्डात काय वापरायचं ते छापील स्वरूपात तयार असू द्या, आणि ते वापरून बघण्याचा सरावही करा.

आणि सुरुवात कुठून करायची? बिलापासून करू नका, व्यवस्थापन तसं सुचवेल तरी. एक आठवडा ओपीडीत आणि वॉर्डात उभं राहा आणि बघा की तीच गोष्ट हाताने परत परत कोण लिहितंय. बहुतेक ठिकाणी ती डिस्चार्ज समरी असते, किंवा नेहमीच्या औषधांची चिठ्ठी, किंवा ड्यूटी बदलताना नर्सने पुढच्या नर्सला द्यायची यादी. त्यातली एक गोष्ट आधी सोपी करा, ज्याने टंकित केलं त्याला त्याच दिवशी परतफेड मिळेल अशी. पुढचे रकाने लोक स्वतःहून मागतील. वरची माहिती कळवलीत, विशेषतः नोंद डॉक्टर स्वतः करणार की लेखनिक, तर पहिल्या टप्प्यात काय घ्यावं आणि काय मुद्दाम बाहेर ठेवावं हे नेमकं सांगता येईल.